अलकनंदा सापडली म्हणजे नेमकं काय झालं?

उत्तररात्र (धागाकर्ता)

'पुणेकरांनी शोधली नवी आकाशगंगा' हा निरोप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आतापर्यंत निदान पाच वेळा येऊन गेला. सोबतचा फोटो मात्र एम-५१ चा, म्हणजे भलत्याच दीर्घिकेचा (गॅलक्सीचा), आणि तोही हबल दुर्बिणीने वीस वर्षांपूर्वी काढलेला. नवरीच्या जागी करवलीचा फोटो छापावा तसं. मी दुरुस्ती टाकली. तिला एक अंगठा मिळाला, तोही बायकोचा. म्हणून म्हटलं इथे जरा सविस्तर लिहावं.

बातमी खरी आहे. एनसीआरए, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. तिथे पीएचडी करणाऱ्या राशी जैन आणि प्रा. योगेश वाडदेकर या दोघांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांमधून एक सर्पिल दीर्घिका हुडकून काढली आणि तिचं नाव ठेवलं अलकनंदा. निबंध २०२५ मध्ये 'ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स'मध्ये आला. आज आपल्याला दिसतोय तो तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं जेमतेम दीड अब्ज वर्षं. आज ते १३.८ अब्ज आहे. विश्वाला ऐंशी वर्षांचा आजोबा धरलं, तर हा त्याचा नऊ वर्षांचा असतानाचा फोटो.

आणि त्या नऊ वर्षांच्या पोराला मिशा आहेत!

गंमत आहे ती इथे. एवढ्या लहान वयातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, गाठीगाठींच्या, वायूच्या धुमाकुळात सापडलेल्या असणार असं धरलेलं होतं. व्यवस्थित तबकडी, मधोमध फुगवटा आणि त्याभोवती लपेटलेले दोन रेखीव बाहू, हे सगळं जुळून यायला वेळ लागतो. आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी मारायला साधारण २३ कोटी वर्षं घेतो. या हिशोबाने दीड अब्ज वर्षांत फेऱ्या तरी किती होणार? तरी अलकनंदा चांगली ऐटीत बसलेली आहे. व्यास अंदाजे ३० हजार प्रकाशवर्षं, ताऱ्यांचं एकूण वस्तुमान दहा अब्ज सूर्यांच्या घरात, आणि दर वर्षाला साठेक सूर्यांइतका नवा माल तयार होतोय. आपल्या आकाशगंगेच्या वीस ते तीस पट वेग.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. सगळे विचारतात 'फोटो कुठाय?' फोटो आहे, आणि सुंदरही आहे. पण फोटोवरून ती दीर्घिका बारा अब्ज वर्षांपूर्वीची आहे हे कळत नाही. शेजारच्या गल्लीतली बारकी दीर्घिका आणि विश्वाच्या टोकाची मोठी दीर्घिका चित्रात सारख्याच दिसू शकतात. शोध आहे तो एका आकड्याचा, ४.०५. तो कसा काढला ते खाली लिहितो. आधी जेवून येतो.

मोगरा

वाचतेय. मिशांचं उदाहरण फार आवडलं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

नाना_खडकीवाले

आमच्या वर्गात एक होता, सहावीतच मिशा फुटलेल्या. नंतर कळलं तो तीन वेळा नापास झालेला. तुमच्या अलकनंदेचा जन्मदाखला नीट तपासलाय ना?

शब्दपारखी

धागाकर्त्याने 'दीर्घिका' शब्द वापरला याबद्दल आभार. वर्तमानपत्रांत सर्रास 'आकाशगंगा सापडली' असं छापून येतं. आकाशगंगा एकच, आपण राहतो ती. बाकीच्या दीर्घिका. हिंदीत दोन्हीला आकाशगंगा म्हणतात, तिकडून उचलेगिरी होते.

अवांतर: नावामागचा विचारही हिंदीतूनच आलाय. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. अलकनंदा ही मंदाकिनीची बहीण-नदी, म्हणून आपल्या दीर्घिकेसारखीच दिसणारी ही लांबची बहीण अलकनंदा. दोघी रुद्रप्रयागला भेटतात. मी तिथे संगमावर उभा राहिलोय. दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे, आणि आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

उत्तररात्र

नाना, जन्मदाखल्याचाच मुद्दा आहे. अगदी नेमका धरलात.

आमच्या घरी आई दळण आणलं की दोन चाळण्या काढायची. मैद्याची बारीक, रव्याची जाड. कुठल्या चाळणीतून किती खाली पडलं आणि किती वर राहिलं यावरून गिरणीवाल्याने दळण कसं दिलंय ते तिला कळायचं. दाणा हातात घेऊन बघायची गरज नसे. वेबच्या फिल्टरचं काम काहीसं असंच. प्रत्येक फिल्टर प्रकाशाचा एक ठरावीक पट्टाच आत सोडतो. अलकनंदेच्या भागाचे असे २१ फिल्टरमधून फोटो घेतलेले आहेत. प्रत्येकात ती किती उजळ दिसते हे मोजायचं, एकवीस आकडे ओळीने मांडायचे आणि त्या ओळीचा चढउतार बघायचा.

चढउतारात खुणा असतात. दीर्घिकेतला आणि वाटेतला हायड्रोजन ठरावीक तरंगलांबीपेक्षा छोटा अतिनील प्रकाश गिळून टाकतो, त्यामुळे तिथे आकडा धाडकन पडतो. नवे तारे जन्मतात तिथला तापलेला हायड्रोजन ०.६५६ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लालभडक चमकतो, तिथे आकडा उसळतो. आता हा प्रकाश आपल्याकडे येईपर्यंत विश्व प्रसरण पावत राहिलं आणि प्रकाशही ताणला गेला. ४.०५ म्हणजे मूळ लांबीत आणखी ४.०५ पट भर, म्हणून प्रत्येक लांबी ५.०५ पट झाली. ०.६५६ ची खूण गेली ३.३ मायक्रॉनवर, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात. ती खूण कुठे सरकली हे सापडलं की किती ताणलं ते कळतं, आणि किती ताणलं ते कळलं की प्रकाश कधी निघाला ते कळतं. याला म्हणायचं रेडशिफ्ट. मराठीत ताम्रसृती. (शब्दपारखी, खूश?)

दीर्घिकेला पकडून जन्मतारीख विचारता येत नाही, ती दातांवरून ओळखायची. बैलाचं वय ओळखतात तसं.

शब्दपारखी

खूश. पण बैलाच्या दातांवरून वय सांगणारा फसवूही शकतो, हे बाजारात गेलेल्या कुणालाही विचारा.

अडाणी_प्रश्न

माझे दोन प्रश्न, हसू नका.
१. फोटोतले रंग खरे असतात का? अवरक्त दिसत नाही म्हणता, मग निळं-लाल कुठून आलं?
२. बारा अब्ज वर्षांपूर्वी तिथे होती, मग आता ती कुठे आहे?

क्ष_किरण

हसण्यासारखं काही नाही, पहिला प्रश्न तर माझ्या विद्यार्थ्यांनाही पडतो. (मी जर्मनीत असते, भौतिकशास्त्र शिकवते, खगोल माझा मुख्य विषय नाही.) प्रत्येक फिल्टरमधला फोटो मुळात काळापांढराच असतो. त्यातल्या छोट्या तरंगलांबीच्या फोटोला निळा रंग द्यायचा, मोठ्या तरंगलांबीच्या फोटोला लाल. क्रम खरा, रंग आपले. पेटीवर काळी चार सोडून काळी एक धरली तरी चाल तीच राहते, तसं.

दुसरा प्रश्न: तिचा प्रकाश बारा अब्ज वर्षांहून थोडा जास्त काळ प्रवासात होता. तेवढ्या काळात मधली जागाच फुगली. त्यामुळे ती आजच्या घडीला असेल तर आपल्यापासून २४ अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास असेल. असेल तर, हे महत्त्वाचं. बहुतेक ती दुसऱ्या कुणात विलीन होऊन गुबगुबीत, बिनबाहूंची झाली असेल. तिचं म्हातारपण आपल्याला कधीच दिसणार नाही.

रोखठोक_७७

सगळं छान. पण दहा अब्ज डॉलरची दुर्बीण अमेरिकेची, रॉकेट युरोपचं, आणि ढोल ताशे पुण्यात. आपण नक्की काय केलं? इंटरनेटवरून फोटो डाउनलोड केला?

उत्तररात्र

रोखठोकराव, बोचरं बोललात पण प्रश्न रास्त आहे.

वेब हा नासा, युरोपीय आणि कॅनडाची अवकाश संस्था या तिघांचा प्रकल्प. ज्या निरीक्षणांत अलकनंदा सापडली त्या सर्वेक्षणाचं नाव अनकव्हर. ते ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालं. त्यांनी एबेल २७४४ नावाच्या दीर्घिकासमूहाकडे दुर्बीण रोखली. शिल्पकार तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर. त्या समूहाचं वस्तुमान इतकं प्रचंड की मागून येणारा प्रकाश वाकतो आणि मागच्या गोष्टी मोठ्या दिसतात. फुकटात मिळालेलं भिंग. अलकनंदा त्याच्या मागे बसली आहे आणि त्यामुळे साधारण दुप्पट उजळ दिसते.

आता मुद्दा असा की त्या गटाने सगळी निरीक्षणं लगेच खुली केली. जगातल्या कुणीही घ्यावी. यादीत वस्तू सत्तर हजारांच्या आसपास. हार्वर्डलाही तीच यादी, पुण्यालाही तीच. कॅलिफोर्नियात ती अलकनंदा समोर असताना कुणाला दिसली नाही असं म्हणा, किंवा दिसली पण थांबून बघितलं नाही असं म्हणा. ती गर्दीतून वेगळी काढायची, आजूबाजूच्या दीर्घिकांचा उजेड वजा करून बाहू खरेच आहेत की मोजमापातला भास आहे ते तपासायचं, भिंगाने आकार किती ताणलाय ते दुरुस्त करायचं, एकवीस आकड्यांवर मॉडेलं बसवायची. डाउनलोड तर मीही करतो. माझ्याकडे गेली दहा वर्षं डाउनलोड केलेली योगासनांची पुस्तकं आहेत.

नाना_खडकीवाले

हाण्ण! योगासनांवर +१.

रानजाई

मी नारायणगावजवळ शाळेत शिकवते. आमच्या खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. तीही एनसीआरएचीच. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांना नेतो तेव्हा पोरं हमखास विचारतात, एवढ्या मोठ्या अँटेना जमिनीवर ठेवून चालतं, मग ती वेब दुर्बीण पंधरा लाख किलोमीटर लांब कशाला नेऊन ठेवली?

मी सांगते ते असं. रेडिओ लहरींना हवेचा अडथळा नाही, ढग आले तरी चालतं. अडथळा आपल्या मोबाइलचा. अवरक्त म्हणजे उष्णतेचा प्रकाश. तो बराचसा हवेतली वाफ शोषून घेते, आणि उरलेल्याच्या आड खुद्द हवेची आणि दुर्बिणीची ऊब येते. भर दुपारी काजवा शोधायचा प्रकार. म्हणून दुर्बीणच गार करायची. वेबला पाच पदरी छत्री आहे, टेनिसच्या मैदानाएवढी. छत्रीच्या उन्हाकडच्या बाजूला पाणी उकळायच्या जवळपास तापमान, ८५ अंश, आणि सावलीकडे उणे २३३.

गेल्या वर्षी वर्गात हे करून दाखवलं. पाच जुन्या ओढण्या एकामागे एक, मध्ये हातभर जागा सोडून बांधल्या आणि पलीकडे हॅलोजन लावला. पाचवीच्या मागे थर्मामीटर धरणाऱ्या मुलाने ओरडून सांगितलं, "बाई, पारा हललाच नाही!" पहिल्या ओढणीला मात्र भोक पडलं. ओढणी माझी.

मोगरा

रानजाईताई, ओढणीला श्रद्धांजली.

क्ष_किरण

रानजाईताई, पदरांमधल्या मोकळ्या जागेचं फार छान पकडलंत, खरी किमया तिथेच आहे. प्रत्येक पदर थोडी उष्णता कडेने बाहेर फेकतो.

२५ डिसेंबर २०२१ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून वेबचं रॉकेट उडालं. भारतात संध्याकाळचे सहा वाजायला दहा मिनिटं होती. मी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत बघत होते. इकडे नाताळ, तिकडे आईच्या कुकरच्या शिट्ट्या. मी सांगत होते, आई, आता ती छत्री उघडायची आहे, आरसा उघडायचा आहे, तीनशेहून जास्त गोष्टींपैकी एक जरी अडकली तरी सगळं मातीत. दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही. आई म्हणाली, "आपली साधी छत्री दरवर्षी जूनमध्ये अडकते." आरसा साडेसहा मीटरचा, अठरा षटकोनी तुकड्यांचा, रॉकेटमध्ये मावेना म्हणून घडी घालून नेलेला. पुढचे दोन आठवडे आई रोज फोनवर पहिला प्रश्न विचारायची, "छत्री उघडली का?"

उघडली.

अडाणी_प्रश्न

हबलच्या वेळी काहीतरी गडबड झाली होती ना?

उत्तररात्र

हो. हबल १९९० च्या एप्रिलमध्ये गेली आणि फोटो धुरकट आले. आरसा कडेला २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता. डोक्याच्या केसाच्या जाडीपुढे ते काहीच नाही, पण दुर्बिणीला तेवढ्यानेच चष्मा लागला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तो बसवला. ती जमिनीपासून पाचसहाशे किलोमीटरवर होती म्हणून जमलं.

त्या चष्म्यानंतर हबलचं काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी जे केलं त्याची मला अजून कमाल वाटते. १९९५ च्या डिसेंबरात त्यांनी संचालकाच्या वाट्याचा वेळ वापरून सलग दहा दिवस दुर्बीण सप्तर्षीतल्या एका रिकाम्या ठिपक्यावर रोखून ठेवली. काहीच दिसत नाही अशी जागा मुद्दाम निवडली. वेळ फुकट जाईल असं सांगणारे पुष्कळ होते. त्या ठिपक्यात तीन हजारांच्या आसपास दीर्घिका निघाल्या. आज अनकव्हरसारखी सर्वेक्षणं होतात ती याच वाटेवरची पुढची पावलं. वेबने २०२२ च्या जुलैत पहिला खोल फोटो दाखवला, त्याला साडेबारा तास पुरले.

रोखठोक_७७

ठीक आहे, माझा डाउनलोडचा मुद्दा मागे घेतो. पण दुसरा आहेच. यूट्यूबवर एक जण सांगत होता की वेबने महास्फोट सिद्धांत खोटा पाडला. इतक्या लवकर इतक्या तयार दीर्घिका असूच शकत नाहीत म्हणे. मग आपले नारळीकर सर बरोबर होते का?

क्ष_किरण

नाही, असं होत नाही. थोडं लांबण लावते.

अलकनंदा 'दीड अब्ज वर्षांच्या विश्वातली' हे आपण ठरवलं कसं? महास्फोटाच्या चौकटीतलंच गणित वापरून. ती चौकट फेकली तर तिचं वयही गेलं आणि आश्चर्यही गेलं. वेबने हादरा दिलाय तो दीर्घिका कशा घडतात या समजुतीला. वायू किती लवकर थंड होतो, तबकडी कधी स्थिरावते, तारे किती झपाट्याने बनतात. तिथली पुस्तकं पुन्हा लिहायला लागतायत, यात शंका नाही. वेबला २९ कोटी वर्षांच्या विश्वातल्या दीर्घिका सापडल्या आहेत, वर्णपटाने (प्रकाश इंद्रधनुष्यासारखा तरंगलांबीनुसार फोडून) पक्क्या झालेल्या, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी उजळ.

दुसरं, नानांचा जन्मदाखला. २०२२ च्या उन्हाळ्यात वेबचे पहिलेच आकडे आले आणि एका दीर्घिकेने खळबळ उडवली, सीअर्स-९३३१६. फिल्टरवरून तिची रेडशिफ्ट निघाली १६.४. म्हणजे विश्व २५ कोटी वर्षांचंही नव्हतं तेव्हाची. पुढच्या वर्षी वेबनेच तिचा वर्णपट घेतला. रेडशिफ्ट निघाली ४.९. सव्वा अब्ज वर्षांच्या विश्वातली, तशी साधी दीर्घिका. झालं असं की तिच्यातल्या तप्त वायूच्या चमकत्या रेषा नेमक्या अशा फिल्टरांत पडल्या की आकड्यांची ओळ हुबेहूब फार दूरच्या दीर्घिकेसारखी दिसू लागली. बैल तरुण, दात घासून म्हातारा करून विकलेला.

नारळीकर सरांविषयी रोखठोकजी असं पटकन बोलू नका. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थितीची, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही अशी, बाजू आयुष्यभर मांडली, पुढे सुधारूनही मांडली, आणि निरीक्षणं विरोधात जात असतानाही ती गणिताने मांडली, यूट्यूबवर नव्हे. अशा वादाचा उपयोग दुसऱ्या बाजूलाही झाला.

उत्तररात्र

सर २० मे २०२५ ला गेले. अलकनंदेची बातमी त्यांना ऐकायला मिळाली नाही. त्यांनी उभी केलेली आयुका ही खगोलसंशोधन संस्था आणि एनसीआरए एकाच आवारात, शेजारी शेजारी. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्यांच्या टेबलावर हा फोटो ठेवला असता तर 'वर्णपट कुठाय?' हे विचारलंच असतं असं मला आपलं वाटतं.

अडाणी_प्रश्न

मग अलकनंदेचा वर्णपट घेतलाय का?

उत्तररात्र

इथेच मी वर 'शोध एका आकड्याचा' म्हणालो त्याचं उत्तर आहे. ४.०५ हा आकडा फिल्टरांवरूनच काढलेला आहे. पण सीअर्स-९३३१६ ला मोजकेच फिल्टर होते, इथे एकवीस, आणि त्यातले बरेच अरुंद पट्ट्याचे. चाळण्या दोनऐवजी एकवीस, त्याही बारीक. फसायची शक्यता फार कमी. त्यामुळे अंतर मला पक्कं वाटतं.

जे फिल्टरने कळतच नाही ते म्हणजे ती फिरते कशी. तबकडी शांतपणे गरगर फिरतेय की आत खळबळ आहे? त्यासाठी तिच्या प्रत्येक भागाचा वर्णपट हवा. एक बाजू आपल्याकडे येतेय आणि दुसरी लांब जातेय हे मोजायला हवं. ते वेबच्याच दुसऱ्या उपकरणाने किंवा चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणींनी होऊ शकतं. निबंधाच्या लेखकांनाही पुढचं पाऊल हेच वाटतं. बाहू का पडले याचं उत्तरही त्यातून मिळेल. शेजारून एखादी छोटी दीर्घिका जाऊन तिने ओढ दिली का, की थंड वायू येत राहिला आणि तबकडीतच लाट उठली.

रानजाई

बाहू म्हणजे पंख्याच्या पात्यांसारखे घट्ट नसतात हेही लिहा कुणीतरी. मुलांना (आणि सहशिक्षकांना) तसंच वाटतं.

क्ष_किरण

खंबाटकी घाट डोळ्यांसमोर आणा. चढावर गाड्यांची दाटी असते. तुम्ही त्या दाटीत शिरता, रांगत रांगत बाहेर पडता, पण दाटी तिथेच. तासाभराने घाटात वेगळ्या गाड्या, दाटी तीच. दीर्घिकेचे बाहू ही बऱ्याच वेळा अशी दाटी असते. तारे आणि वायू तिच्यातून जातात, वायू दाबला जातो, तिथे नवे तारे पेटतात आणि म्हणून बाहू उजळ दिसतात. आतले तारे फेरी लवकर पुरी करतात, त्यामुळे बाहूंत कायम तेच तारे असते तर दोनचार फेऱ्यांत गुंडाळून सुतळीचा तोडा झाला असता.

नाना_खडकीवाले

खंबाटकीत माझी एक वरात अडकली होती. नवे तारे पेटले नाहीत, नवरा मुलगा मात्र पेटला होता.

शब्दपारखी

एक तपशील. काही ठिकाणी 'सर्वांत जुनी सर्पिल दीर्घिका' असं छापलंय. ते बरोबर आहे का?

उत्तररात्र

नाही, आणि शोधकर्त्यांच्या वतीने आपणच फुगवू नये. २०२५ मध्येच वेबच्या निरीक्षणांतून झूलाँग नावाची दीर्घिका जाहीर झाली, ती विश्वाच्या पहिल्या एक अब्ज वर्षांच्या आसपासची, आणि तिलाही बाहू असावेत असं दिसतं. त्याआधी २०२१ मध्ये अल्माने अलकनंदेहून थोड्या जुन्या एका दीर्घिकेत सर्पिल रचना दाखवली होती. अलकनंदेचं वैशिष्ट्य असं की दोन बाहू इतके स्वच्छ, सममित आणि ठसठशीत या काळात फार क्वचित दिसलेत. पहिला नंबर नाही, पण अक्षर सगळ्यात सुंदर.

रोखठोक_७७

आपली स्वतःची अवकाश दुर्बीण आहे की. तिने काही शोधलं का, की तिचंही फक्त उद्घाटन?

क्ष_किरण

आहे आणि शोधलं. ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेली. तिच्यावरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा ३८ सेंटिमीटरचा, हबलचा २.४ मीटरचा. तरीही आयुकातल्या कनक साहा यांच्या गटाने ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निसटणारा अतितीव्र अतिनील प्रकाश पकडला, जो हबलला त्याच भागात सापडला नव्हता. कारण ॲस्ट्रोसॅटच्या उपकरणात स्वतःची खरखर फार कमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तास बघितलं, मग जवळपास दोन वर्षं 'हा खरंच सिग्नल आहे का' हे तपासण्यात गेली, आणि २०२० मध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त निबंध आला. विश्वाच्या बालपणी हायड्रोजनचं धुकं कशाने विरलं, या कोड्यातला तो एक धागा आहे. पण त्यावर वेगळा धागा काढावा लागेल, इथे गर्दी नको.

मोगरा

काढाच. वाचनखूण साठवली आहे.

नाना_खडकीवाले

उत्तररात्र, ते आकडे खुले आहेत म्हणालात ना? मग मलाही बघता येईल का? मी एकदा हौसेने दुर्बीण घेतली होती, तिचा स्टँड इतका लटपटता की चंद्र भूकंपात असल्यासारखा दिसायचा. दुकानदार म्हणाला हवेचा दोष. तेव्हापासून ती माळ्यावर. आता घरबसल्या वेब वापरतो.

उत्तररात्र

नाना, जरूर. अनकव्हर सर्वेक्षणाचा ब्राउझरमध्ये उघडणारा नकाशा आहे, तो बघा. मोठ्या फायली काढू नका, त्या काही जीबींच्या असतात. एकाच फिल्टरवर थांबू नका. दीड मायक्रॉनच्या फोटोत तिचे बाहू माळेत मणी ओवल्यासारखे दिसतात. तो प्रकाश निघताना अतिनील होता, म्हणजे ते मणी नव्या कोऱ्या ताऱ्यांचे पुंजके. ४.४ मायक्रॉनच्या फोटोत मण्यांचा झगमगाट कमी होतो आणि आधीच्या पिढीचे तारे पुढे येतात. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

नाना_खडकीवाले

मोठी फाइल काढू नका हे तुम्ही लिहीपर्यंत काढून झाली होती. संगणक दुपारी अडीचपासून गोल गोल फिरतोय. हीच सर्पिल रचना का?

उत्तररात्र

नाना, बंद करा तो. रविवारी मी खडकीला येतोच आहे, लॅपटॉप घेऊन येतो.

नाना_खडकीवाले

या. चहा इकडेच. ही म्हणतेय, येताना माळ्यावरची दुर्बीणही बघून जा म्हणावं.